लिटरमागे किती किलो

मित्रांनो, नळाखाली पेला धरून तुम्ही गटागटा पाणी पिता ना? त्या पाण्यामागे राबणारी माणसे तुम्हाला दिसत नाहीत. आणि त्या माणसांच्या टाकीशेजारी, लाकडी घरात फडक्यावर आडवा पडलेला मी तर मुळीच दिसत नाही. तेव्हा ओळख मलाच करून द्यायला हवी. मी काचेचा एक जुना घनतामापक आहे. प्रयोगशाळेतील मंडळी मला हायड्रोमीटर म्हणतात. लांबी दीड वीत. खाली फुगीर पोट, पोटाच्या तळाशी शिशाचे छर्रे, वर सरळ बारीक मान, आणि मानेच्या आत गुंडाळून बसवलेली कागदाची पट्टी. त्या पट्टीवर १.२०० पासून १.४०० पर्यंत बारीक रेघा आहेत. माझी सगळी विद्या त्या पट्टीवर आहे, त्यापलीकडचे मला काही कळत नाही.

माझे काम सोपे आहे. मला द्रवात सोडायचे आणि हात काढून घ्यायचा. द्रव जड असेल तर तो मला वर उचलून धरतो, हलका असेल तर मी खोल जातो. मी स्थिर झालो की द्रवाची पातळी ज्या रेघेशी येते, ती त्या द्रवाची घनता. तेवढ्या जागेत किती वस्तुमान मावले आहे, एवढेच मी सांगतो. देवाने प्रत्येकाला काहीतरी बोलायला दिले आहे. मला एक आकडा दिला.

माझा जन्म काचकाम करणाऱ्या एका आजोबांच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत निळी ज्योत सू सू करत जळायची. आजोबांनी काचेची नळी ज्योतीत फिरवली, ती मऊ झाली, आणि त्यांनी दुसऱ्या टोकातून हलकेच फुंकर घातली. तेच माझे पोट. मागच्या खोलीत त्यांची सून चिमट्याने पट्ट्या बसवायची.

"मामंजी, याचं पोट जरा जास्तच सुटलंय हो," ती मला उजेडात धरून म्हणाली.

"असू दे. जड द्रवात तरंगायचंय त्याला. बारीक पोटाचा तिथे काय करेल?"

पुढे तिने एकेक छर्रा घालून मला ठरावीक द्रवांत तरंगवले, पट्टी बरोबर रेघेवर आणली आणि मान बंद केली. आम्ही तीन भाऊ एका पेटीत बसलो. थोरला हलक्या द्रवांसाठी, त्याची पट्टी ०.८०० ते १.०००. मधला पाण्यासारख्या द्रवांसाठी, १.००० ते १.२००. आणि धाकटा मी, जड द्रवांचा. पेटी विकली जायची ती तिघांसकट, सुटा भाऊ मिळत नसे. म्हणून तर मी पाण्याच्या घरी येऊन पडलो!

पाण्याचे घर म्हणजे जलशुद्धीकरण केंद्र. नदीचे गढूळ पाणी तिथे येते. त्यात तुरटीचे द्रावण सोडतात, मग गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. वरचे पाणी वाळूच्या फिल्टरमधून जाते, आणि शेवटी जंतू मारून शहराकडे जाते. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. तिच्या खिडकीतून निवळण्याच्या टाक्या आणि फिल्टरची लांब शेड दिसायची.

तिथे रसायनतज्ज्ञ म्हणून एक बाई होत्या. वयाने लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणत. ताईंना रोज मधला भाऊ लागे, कारण तुरटीच्या लाद्या विरघळवून केलेले द्रावण पातळ असायचे, १.०५० च्या आसपास. थोरला कधीमधी कुठल्यातरी बाटलीत डोके बुडवून यायचा. आणि मी? माझे नशीब ऐका. एकदा शाळेची मुले केंद्र पाहायला आली. ताई कामात होत्या, म्हणून मुलांना उपकरणे दाखवायला अण्णा पुढे झाले. अण्णा म्हणजे तुरटीचा डोस सोडणारे, गोल चेहऱ्याचे, बोलण्याची भारी हौस असलेले गृहस्थ.

"बघा मुलांनो, हा हायड्रोमीटर. हा पाण्यावर कसा डौलात तरंगतो ते बघा!" असे म्हणून त्यांनी मला साध्या पाण्याच्या उंच पात्रात सोडले.

मी सरळ तळाला गेलो. टक्.

मुलांत हशा पिकला. पाण्याची घनता १.०००, माझी पट्टी सुरू होते १.२०० ला. पाण्यात मी तरंगू कसा? पण हे कोण कोणाला सांगणार! त्या दिवसापासून अण्णांनी माझे नाव 'दगडू' ठेवले. तरंगणे हेच ज्याचे काम, त्याचे नाव दगडू! हसू नका. बरे, हसा. आता मलाही हसू येते.

पण कोणाचे दिवस कायम तसेच राहत नाहीत. केंद्राच्या गाडीचे ड्रायव्हर एकदा वर आले आणि म्हणाले, "ताई, बॅटरीचं पाणी तपासायला काही आहे का हो तुमच्याकडे? सकाळी गाडी चालूच होत नाही." बॅटरीत ॲसिड असते, आणि ते चांगलेच जड असते. ताईंनी मला पेटीतून काढले. ड्रायव्हरांनी पिचकारीने ॲसिड काढून काचेच्या नळीत भरले, मला सोडले, आणि मी तरंगलो! आयुष्यात पहिल्यांदा माणसांच्या कामासाठी तरंगलो.

"बाराशे ऐंशी! बॅटरी ठणठणीत आहे. मग दुखणं दुसरीकडेच आहे," ड्रायव्हर म्हणाले.

"बाराशे ऐंशी नाही हो. एक पूर्णांक दोनशे ऐंशी सहस्रांश," ताई म्हणाल्या. "पट्टीवर तसंच लिहिलंय."

"आम्ही गॅरेजमध्ये बाराशे ऐंशीच म्हणतो. तुमच्या पूर्णांकानं माझी गाडी चालू होणार आहे का?"

ताई हसल्या. "अहो, दोघंही बरोबर आहोत आपण. माझा आकडा ग्रॅममधला, दर घन सेंटिमीटरचा. तुमचा आकडा किलोमधला, दर घनमीटरचा. एका घनमीटरमध्ये दहा लाख घन सेंटिमीटर, आणि एका किलोत हजार ग्रॅम. म्हणून माझ्या आकड्याला हजारानं गुणलं की तुमचा येतो."

"म्हणजे वस्तू तीच, नुसता सदरा बदलला."

"अगदी! फक्त कोणता सदरा घातलाय ते सांगायचं. नाहीतर ओळख पटत नाही."

मला ते बोलणे फार आवडले. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी ड्रायव्हर मला न्यायला येत, काम झाले की भरपूर पाण्याने धुऊन आणून देत आणि "दगडू, झकास!" म्हणून पेटीत ठेवत. पण पुढे गाडीला बंद डब्यासारखी बॅटरी आली. तिचे झाकणच उघडत नसे. उरल्या त्या जनरेटरच्या जुन्या बॅटऱ्या. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा माझी आठवण व्हायची, तीसुद्धा झाली तर. माझ्या अंगावर धूळ बसली. धूळ बसली की आधी राग येतो, मग वाईट वाटते, आणि मग झोप येते. मला झोप आली होती.

आता गोष्ट खरी सुरू होते. नीट ऐका.

त्या वर्षी केंद्राने तुरटीच्या लाद्या बंद केल्या. लाद्या फोडा, विरघळवा, काड्या-कचरा गाळा, फार खटाटोप व्हायचा. त्याऐवजी तयार घट्ट द्रावण टँकरने येऊ लागले. दिसायला पाण्यासारखे, किंचित पिवळसर झाक, पण अंगाने भारी. टँकरबरोबर आलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते, नऊ हजार किलो. अण्णांनी ते टाकीत चढवले, टाकीच्या बाजूच्या काचनळीवर पातळी पाहिली आणि आरोळीच ठोकली, "अहो टँकरवाले! सहा हजार आठशेच भरलं की! दोन हजार दोनशे लिटर वाटेत प्यायलात काय?"

टँकरवाला बिचारा शपथा घेऊ लागला, पण अण्णा कसले ऐकतात! त्यांनी वर जाऊन साहेबांना सांगितले. साहेब केंद्राचे प्रमुख, घाईच्या स्वभावाचे. त्यांनी त्याच दुपारी कंपनीला कडक पत्र धाडले, की माल कमी भरला आहे.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, एवढी शिकलीसवरलेली माणसे, त्यांना किलो आणि लिटर यांतला फरक कळत नव्हता का? कळत होता. पण ती पाण्याची माणसे होती. जन्मभर पाणी मोजत आलेली. पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलो, आणि दहा लिटरचे दहा किलो. त्यामुळे त्यांच्या तोंडात किलो आणि लिटर ही जुळी भावंडे होऊन बसली होती. एकाला हाक मारली तरी दुसरा ओ देई. ताईंच्या प्रयोगशाळेबाहेर एक काळा फळा होता. त्यावर ताई सकाळी डोस लिहीत, नुसता आकडा. अण्णा तो पाहून पंपाची चकती फिरवत. ताईंच्या मनात किलो असत, अण्णांच्या चकतीवर लिटर. जुने द्रावण पातळ, त्याच्या लिटरमध्ये किलोपेक्षा जेमतेम पन्नास ग्रॅम जास्त. एवढा फरक नदी पोटात घालत असे. अकरा वर्षे कोणाचे काही बिघडले नाही.

नवे द्रावण आले त्या दिवशी ताईंनी नेहमीप्रमाणे सहा बरण्यांत नदीचे पाणी घेतले, काट्यावर तोलून तोलून वेगवेगळे डोस दिले आणि ढवळून पाहिले. दर लिटर पाण्याला चाळीस मिलिग्रॅम द्रावण दिलेली बरणी सुंदर निवळली. केंद्रात ताशी दहा लाख लिटर पाणी येते. दहा लाख गुणिले चाळीस मिलिग्रॅम म्हणजे बरोबर चाळीस किलो. ताईंनी फळ्यावर लिहिले, '४०'. अण्णांनी चकती चाळिसावर नेली. ताशी चाळीस लिटर.

आणि पाणी बिघडले.

म्हणजे घाण नव्हे हो, पण धुरकट. टाकीत पुंजके बसण्याऐवजी बारीक बारीक होऊन वरच तरंगत राहिले आणि थेट फिल्टरवर गेले. वाळू तुंबू लागली. जे फिल्टर दिवसातून एकदा धुवायचे, ते तीनदा धुवावे लागले. शहरातून फोन येऊ लागले, "पेल्यात धुकं दिसतंय." पाणी थोडे आंबटही झाले होते, ते ताईंच्या आम्लता तपासण्याच्या कागदावर उमटले. पण साहेब म्हणाले, "या दिवसांत नदी अशीच असते." आणि ताईंच्या बरणीत तर तोच डोस देऊन पाणी आरशासारखे होते! प्रयोगशाळेत छान, केंद्रात खराब. मग दोष कोणाचा? सगळ्यांच्या नजरा फिल्टरकडे वळल्या. आणि फिल्टर म्हणजे मामा.

मामा अठ्ठावीस वर्षे फिल्टरवर होते. उंच, किडकिडीत, कानावर नेहमी पेन्सिल. फिल्टर धुताना खालून हवा सोडतात, तेव्हा सारी शेड घुमते. त्या घुमण्याच्या सुरात सूर मिसळून मामा देवाचे नाव गात. गळा गोड होता. प्रयोगशाळेच्या खिडकीतून तो आवाज आत यायचा आणि पेटीत पडल्या पडल्या मीही ऐकायचो. कधी मधला भाऊ म्हणायचा, आज मामांचा सूर चढा लागला आहे, म्हणजे वाळू स्वच्छ निघाली. असा तो माणूस. वाळूशी बोलणारा.

पाचव्या दिवशी सकाळी साहेब प्रयोगशाळेत आले. मामा आणि अण्णा तिथेच होते.

"मामा, स्पष्टच बोलतो," साहेब म्हणाले. "वय झालं तुमचं. फिल्टर धुण्यात कुठेतरी चूक होतेय. उद्यापासून तुम्ही स्टोअरमध्ये बसा. ऑर्डर टाईप झाली आहे, दुपारी सही करतो."

मामा म्हणाले, "साहेब, घरी चुकलं असेल माझं, बाहेर चुकलं असेल. पण वाळू धुण्यात नाही चुकलेलं. वाळू मला सांगते."

"वाळू काय सांगते?"

"सांगते, की माझ्या अंगावर येतंय ते जास्त येतंय."

"वाळूचं ऐकून केंद्र चालवायचं का आता?" साहेब निघून गेले.

अण्णांनी एरवी मामांना चिडवण्याची एक संधी सोडली नसती. त्या दिवशी ते नुसते म्हणाले, "स्टोअरमध्ये पंखा आहे हो मामा. इथं काय, सदा ओलं."

"पंखा तुम्हीच घ्या अण्णा. मला ओलंच बरं." मामा जिना उतरून गेले. त्या दिवशी फिल्टर धुतले गेले, हवा घुमली, पण गाणे आले नाही. पेटीत आम्ही तिघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिलो.

ताई टेबलाशी डोके धरून बसल्या होत्या. मामांवर त्यांचा विश्वास होता, आणि आपल्या बरणीवरही होता. दोन्ही खरे असतील तर मधे काय घडते आहे, तेच त्यांना सापडत नव्हते. तेवढ्यात ड्रायव्हर आले.

"ताई, जनरेटरच्या बॅटऱ्या बघायच्यात. दगडू आहे का अजून?"

"आहे. त्या कपाटात बघा. समोरचा डबा जरा बाजूला करा."

कपाटापुढे पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा होता, नव्या द्रावणाच्या नमुन्याचा. ड्रायव्हरांनी तो एका हाताने उचलायला घेतला आणि अर्ध्यातच खाली ठेवला.

"अरे बापरे! यात काय शिसं भरलंय का ताई? पाच लिटर पाण्याचा डबा मी रोज करंगळीवर नेतो. हा मेला खांदा उतरवतोय!"

"तुरटी आहे हो ती. जड असते थोडी..."

ताईंचे वाक्य तिथेच थांबले. त्या उठल्या. ड्रायव्हरांनी मला नुकते पेटीतून काढले होते. ताईंनी मला त्यांच्या हातातून घेतले, पदराने पुसले, मग धुतले, कोरडे केले. उंच पात्रात डब्यातले द्रावण ओतले. थर्मामीटर लावून पाहिला, वीस अंश, म्हणजे माझ्या पट्टीला हवे तेवढेच. मग त्यांनी मला मानेशी दोन बोटांत धरून हळूच आत सोडले आणि बोटांनी किंचित गिरकी दिली, म्हणजे मी काचेला चिकटू नये.

मित्रांनो, मी तरंगलो! ताईंच्या खोलीत, ताईंच्या पात्रात, पहिल्यांदा! खाली वर डोललो, गरगरलो, स्थिर झालो. ताई गुडघ्यांवर बसल्या, डोळा द्रवाच्या पातळीशी आणला आणि वाचले.

"एक पूर्णांक तीनशे वीस सहस्रांश."

"तेराशे वीस," ड्रायव्हर सवयीने म्हणाले.

"हो हो, तेराशे वीस किलो, दर घनमीटरला! आणि दर लिटरला?" ताई स्वतःलाच विचारत होत्या. "घनमीटरमध्ये हजार लिटर. म्हणजे एक पूर्णांक बत्तीस किलो. एका लिटरचं वजन एक किलो तीनशे वीस ग्रॅम! आणि आम्ही एक किलोच धरून बसलो. अण्णा! अहो अण्णा!"

अण्णा धावत आले. "काय झालं? काही फुटलं का?"

"चकती कितीवर आहे?"

"चाळीस. तुमच्या फळ्यावर चाळीस आहे ना!"

"चाळीस काय?"

"चाळीस काय म्हणजे? चाळीस!"

"किलो की लिटर?"

अण्णांनी दारातून फळ्याकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "लिटर. चकतीवर लिटरच असतात ना ताई."

ताईंनी कागदावर झरझर मांडले. ताशी चाळीस लिटर गुणिले एक पूर्णांक बत्तीस, म्हणजे बावन्न किलो आठशे ग्रॅम. द्यायचे चाळीस, पडत होते जवळजवळ त्रेपन्न. जवळजवळ एक तृतीयांश जास्त! पाच दिवस, रात्रंदिवस! जास्त तुरटीने पाणी आंबट झाले, पुंजके फुटके झाले, आणि ते सगळे मामांच्या वाळूवर येऊन बसले. वाळू खरेच सांगत होती.

ताई मला पात्रासकट उचलून साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. मागे अण्णा, त्यांच्यामागे ड्रायव्हर. टेबलावर ऑर्डरचा कागद होता, आणि साहेबांच्या हातात पेन.

"साहेब, सही करू नका. चूक मामांची नाही, माझ्या फळ्याची आहे," ताई एका दमात म्हणाल्या आणि सगळे सांगितले.

साहेबांनी चष्मा चढवून माझ्याकडे पाहिले. मग कॅल्क्युलेटर ओढला. "चाळीसला एक पूर्णांक बत्तीसनं गुणायचं... बावन्न पूर्णांक आठ. म्हणजे डोस अजून वाढवायचा?"

"भागायचं, साहेब! भागायचं!" ताई आणि अण्णा एकदमच ओरडले. मग अण्णा म्हणाले, "अहो, खिळ्यांचा किलो मुठीत मावतो, लोकरीचा किलो पिशवीत मावत नाही. वस्तू जड, तर तेवढ्याच वजनाला माप कमी लागणार."

"अण्णा, हे शहाणपण पाच दिवसांपूर्वी कुठे होतं?"

"टाकीत होतं, साहेब. सहा हजार आठशे लिटर." अण्णा खजील होऊन हसले. ताईंनी लगेच तेही मांडून दाखवले. नऊ हजार किलो भागिले एक पूर्णांक बत्तीस, सहा हजार आठशे अठरा लिटर. टँकर पूर्ण भरलेला होता. कोणी काही सांडले नव्हते, कोणी काही प्याले नव्हते.

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे मी कंपनीला पाठवलेलं पत्र..."

"परत घ्यावं लागेल."

मग साहेब ताईंकडे पाहून म्हणाले, "ताई, चूक तुमच्या फळ्याची म्हणता. मग स्टोअरमध्ये तुम्हाला बसवू का?"

"बसवा. पण मामांना फिल्टरवर ठेवा," ताई म्हणाल्या. थट्टेत नव्हे, अगदी सरळ.

मी पात्रात होतो, मला सगळे दिसत होते. माझ्याजवळ एकच आकडा होता, तो मी सांगून मोकळा झालो. पण तो आकडा स्वतःच्या अंगावर घ्यायला माणूस लागतो. ते धैर्य काचेत नसते, देव ते माणसालाच देतो.

साहेबांनी ऑर्डरचा कागद उचलला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकला. "मामांना मीच सांगतो," म्हणाले, आणि जिना उतरू लागले. चाळीस भागिले एक पूर्णांक बत्तीस, तीस पूर्णांक तीन. अण्णांनी चकती चाळिसावरून तिसाच्या किंचित पुढे आणली. मामांनी साहेबांचे बोलणे ऐकून घेतले, कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली, आणि एवढेच म्हणाले, "बरं झालं साहेब. आता सगळे फिल्टर एकदा कडक धुऊन घेतो."

आणि हवा घुमली. त्या घुमण्यावर गाणे चढले, असे चढले की अण्णा टाकीच्या कठड्यावर ताल धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत भरघोस पुंजके बसले होते, आणि ताईंनी फिल्टरखालचे पाणी पेल्यात धरले तेव्हा त्यांना पेल्यापलीकडची आपली बोटे स्वच्छ दिसली.

तेव्हापासून मी पेटीत झोपत नाही. डोसच्या टाकीशेजारी माझ्यासाठी लाकडी घर केले आहे, आत फडके, बाहेर कडी. टँकर आला की आधी मला बोलावतात. द्रावण दर खेपेला सारखे नसते. कधी १.३१०, कधी १.३३०. मामा मुद्दाम येतात, वाकून वाचतात आणि मोठ्याने म्हणतात, "एक किलो तीनशे दहा ग्रॅम, दर लिटरला!" अण्णा मग भागाकार करतात, चुकतात, आणि दोघांचे भांडण सुरू होते.

"अण्णा, गुणू नका, भागा!"

"मामा, तुम्ही वाळू धुवा. गणित माझ्याकडे राहू द्या."

"पाच दिवस राहू दिलं होतं की तुमच्याकडे!"

मग दोघेही हसतात.

आता मित्रांनो, म्हाताऱ्याचे एक मागणे ऐका. एकदा घाईत कोणीतरी मला न धुता ठेवले. तुरटी वाळली आणि माझ्या मानेवर पांढरी खपली चढली. खपलीने मी जड झालो, जड झालो म्हणून जरा खोल गेलो, आणि पट्टीवर १.३२० च्या जागी १.३१० दिसू लागले. मला कळत होते, पण ओरडता येत नव्हते. मामांनी मला उजेडात धरले, कपाळाला आठ्या घातल्या आणि कोमट पाण्याने, बोटाच्या पेराने, हळूहळू सगळी खपली काढली. पुसताना म्हणाले, "याला बोल लावू नका रे. आपण याला अंघोळ घातली नाही, म्हणून हा चुकला."

म्हणून सांगतो. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात माझे अनेक भाऊबंद असतील. थर्मामीटर असेल, तराजू असेल, मोजपात्र असेल. त्यांना जपून हाताळा, वापरून झाल्यावर लगेच धुवा, पुसा, आपल्या जागी ठेवा. ते जो आकडा सांगतील तो अर्धवट घेऊन पळू नका. कशाचा आकडा, किती मापामागे, हे विचारा, आणि पुढच्या माणसाला पूर्ण सांगा. कारण त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी अठ्ठावीस वर्षे प्रामाणिकपणे वाळू धूत उभा असतो, आणि त्याचे गाणे तुमच्या हातात असते.